हवेत आवळलेले बोल्ट

माझ्या भावाने दोन दारांची लाल गाडी घेतली तेव्हा मी पेढा खाल्ला, "छान आहे हो, अगदी छान" म्हटलं, आणि घरी येऊन नवऱ्याशी कडाकडा भांडले. कारण काय, तर ओला टॉवेल पलंगावर. नवरा बिचारा बघतच राहिला. बावीस वर्षं तो टॉवेल तिथेच पडतो आणि त्याच दिवशी मला तो दिसला.

खोटं कशाला बोलू? मी जळले. जळफळाट, तिळपापड, काय म्हणायचं ते म्हणा. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. रोडपालीला बंगला, क्रेन आणि ट्रेलर भाड्याने देण्याचा धंदा, घरात सगळं जिथल्या तिथे. मी पनवेलला दोन खोल्यांत, रोज द्रोणागिरीला जाऊन कंटेनरच्या गोदामात कागदपत्रं तपासते. पण माझं पोट बंगल्यावरून दुखलं नाही. गाडीवरून दुखलं. कारण गाड्या मला कळतात आणि त्याला कळत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यालाही.

आमच्या बाबांचं कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या मागे, ट्रकच्या पाट्यांचं वर्कशॉप होतं. ट्रकच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, तिला पाटे म्हणतात. ओझ्याने ते बसतात, तुटतात, मग बदलायचे. मी सातवीपर्यंत शाळा सुटली की तिथेच असायची. आवाजावरून सांगायची, बाबा, याचा मागचा डावा पाटा गेलाय. ड्रायव्हर लोक हसायचे, मग खाली वाकून बघायचे आणि हसायचं थांबायचे. एक दिवस बाबा म्हणाले, "उद्यापासून नको येऊस. मोठी झालीस, लोक बघतात." आणि पुढच्या आठवड्यापासून भावाला न्यायला लागले. भाऊ रडत जायचा. त्याला ग्रीसचा वास सहन व्हायचा नाही. मी दारात उभी राहून त्याला जाताना बघायची आणि त्याच्या पायात काटा मोडो असं देवाला सांगायची. देवाने ऐकलं नाही.

तर ती लाल गाडी. घाटापलीकडे गाड्या पळवायचा एक बंदिस्त रस्ता आहे, ट्रॅक म्हणतात. ठरलेल्या दिवशी फी भरून आपापली गाडी घेऊन जायचं, वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या असतात, तेवढ्या वेळात हवी तशी पळवायची. समोरून कोणी येत नाही, मधे म्हैस नाही, रिक्षा नाही. भाऊ एकदा जाऊन आला आणि तोंड पाडून म्हणाला, "ताय, वळणावर डुलते गं. बाकीचे माझ्या बाजूने सर्रकन जातात." मग त्याने नवे शॉकअप मागवले. साधे नव्हे, स्प्रिंग आणि शॉकअप एकातच, वर आटे असलेले. खालची कडी फिरवली की गाडी उंच किंवा बुटकी होते. खोका घरी आला तसा मला फोन. "ताय, तू ये. आपण घरीच बसवू. भायेरच्याला हात नाय लावू द्यायचा मना."

म्हणजे तू बसवणार, मी चहा पाजणार, असा त्याचा अर्थ. तरी मी गेले. का गेले? कारण गाडीखाली शिरायला मिळणार होतं! पण निघण्याआधी मी फोनवर स्पष्ट विचारलं, "ट्रॅकवर मला चालवायला देशील का?"

"बगू ना."

आमच्या घरातलं 'बगू ना' मी लहानपणापासून ऐकतेय. पिकनिकला जाऊ का, बगू ना. कॉलेज मुंबईचं घेऊ का, बगू ना. पण मला ती वीस मिनिटं हवी होती. आयुष्यात कशासाठी इतकी हपापले नव्हते. पन्नाशीला आलेल्या बाईने हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं. मी आंघोळ करताना डोळे मिटून गिअर बदलायची.

तीन रविवार काम चाललं. बंगल्याच्या पोर्चमध्ये गुळगुळीत फरशी, तिच्यावर जॅक सरकतो म्हणून आधी प्लायवूड टाकलं. गाडी उचलून चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर ठेवली, चाकं काढली. आई खुर्ची टाकून बसायची आणि दर दहा मिनिटांनी म्हणायची, "पोरी, त्या गारीखाली कनाला झोपतेस? पाठ धरंल." वहिनी भजी आणून द्यायची. भाऊ पाने हातात द्यायचा आणि निम्म्या वेळा चुकीचा द्यायचा. मी सतराचा मागितला तर एकोणीसचा. "अरे, सतरा! शाळेत अंक शिकलास की नाही?" तो दात काढून हसायचा. मला मजा येत होती, हे सांगायला हवं. त्या दोन रविवारी मी त्याच्यावर जळायचं विसरले होते.

तिसऱ्या रविवारी वहिनीचा भाऊ, म्हणजे माझ्या भावाचा मेव्हणा, आला. पांढरे बूट, हातात मोठा कॅमेरा, गॉगल डोक्यावर. गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला बुटाने टोचलं आणि म्हणाला, "वा! शनिवारी धमाल आहे मग." भाऊ त्याला मिठीच मारायला गेला. म्हणाला, "तुमी तर पायजेतच. एका गाडीवर दोन ड्रायव्हरची नावं लागतात. दुसरं नाव दिलंय मी, कळंल तुमाला." आणि मोठ्याने हसला.

चाकं परत लावून झाली होती आणि मी गाडीखाली होते. माझ्या हातात पाना होता आणि तो हातातच राहिला. अच्छा! म्हणजे तीन रविवार कमरेचा काटा ढिला मी करायचा, नखांत ग्रीस माझ्या, आणि चालवणार पांढरे बूट. ज्याला हे टायर कोणत्या बाजूचं ते सांगता येणार नाही तो! माझ्या कानशिलापासून पायापर्यंत आग पेटली. बाहेर येऊन हात पुसले आणि म्हटलं, "पाठ धरली रे माझी. उरलेले बोल्ट तूच आवळ."

आता इथे एक गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. चाक ज्या लोखंडी दांड्यांवर वरखाली होतं त्यांना आर्म म्हणतात. आर्म जिथे गाडीला जोडतो तिथे एक बुश, म्हणजे बोल्टभोवतीची नळी, असतो. ट्रकमध्ये तो पितळेचा, आत ग्रीस भरलेलं. तो बोल्टभोवती फिरतो. त्यामुळे ट्रकचा बोल्ट चाक हवेत लटकत असताना आवळा नाहीतर जमिनीवर असताना आवळा, काही बिघडत नाही. आमच्या बाबांनी जन्मभर हवेतच आवळले. पण अशा गाडीत बुश रबराचा असतो, आणि तो फिरत नाही, पिळला जातो. चाक लटकत असताना बोल्ट आवळला की रबर त्या स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली उतरवली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी उंच दिसते, वळणावर उडी मारते, आणि एक दिवस रबर फाटतं. म्हणून आधी गाडी स्वतःच्या वजनावर उभी करायची आणि मगच शेवटचं आवळायचं. हे मी वाचलं होतं. गोदामात जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात, दोनदा वाचलं होतं.

भावाने नव्हतं वाचलं. त्याने बाबांना बघितलं होतं. तो खाली शिरला आणि गाडी घोड्यांवर, चारही चाकं लटकलेली, त्याने एकेक बोल्ट कचकचून आवळला. वर मला ऐकवलं, "बाबांसारका आवळतो की नाय?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. मूग गिळून गप्प बसले. मेव्हण्याने फोटो काढले. गाडी खाली उतरवली तर दोन बोटं उंच. भाऊ म्हणाला, "खाली येत नाय गं ताय, असं कसं?" आणि कडी फिरवून बुटकी करायला निघाला. कडी फिरवायला एक आकडीचा पाना लागतो. तो माझ्या पायाशी पडला होता. मी तो उचलून त्याच्या हातात दिला. गप्प बसणं वेगळं, आणि पाना देणं वेगळं. तेव्हा मला फरक वाटला नाही. मला वाटलं, घे, चालव आता. पांढऱ्या बुटांना कळू दे.

मग सहा दिवस होते. रोज मी स्वतःला सांगायची, आज फोन करीन. बुधवारी केलासुद्धा. त्याने उचलला आणि माझ्या आधीच सुरू, "ताय, शनिवारी सुट्टी घे हां. तू पायजेस तिकडे." हात्तिच्या! म्हणजे फुकटची मेस्त्री. मी म्हटलं, घेते. आणि फोन ठेवला.

शनिवारी पहाटे तो मला घ्यायला पनवेलला आला. गाडीत दोनच सीट, मेव्हणा आणि वहिनी मागून दुसऱ्या गाडीत येणार होते. मला वाटलं, बरोबर आहे, हत्यारांची पेटी मांडीवर धरायला कोणीतरी हवं. नवरा खिडकीतून हात हलवत होता आणि उगाच हसत होता. मला त्याचाही राग आला. घाट चढताना दर वळणाला खालून कर्र, कर्र आवाज येत होता. भाऊ म्हणाला, "नवीन हाय म्हणून करकरते." मी बाहेर बघत बसले.

ट्रॅकच्या फाटकापाशी टेबल होतं. तिथल्या मुलीने यादी बघितली आणि विचारलं, "दुसरा ड्रायव्हर?" भावाने माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. "ही."

मला आधी कळलंच नाही. मुलीने कागद पुढे केला. त्यावर माझं नाव. माझा लायसन्स नंबर. माझा रक्तगट. आणि माझ्या लायसन्सच्या फोटोची प्रत, म्हणजे नवऱ्याने गुपचूप पाठवलेली. कागदावर तारीख होती ती शॉकअपचा खोका घरी आला त्या आठवड्यातली. त्या 'बगू ना'च्या दोनच दिवस नंतरची.

"मग हे?" मी मेव्हण्याकडे बोट दाखवलं. तो नुकताच गाडीतून उतरला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाला, "मला कुठे चालवायला सांगता ताई, मला घाटातच उलटी झाली. मी तुमचं शूटिंग करायला आलोय." भाऊ पोट धरून हसत होता. "तुजं तोंड बग ना ताय! तीन आठवडे कसा गप्प रायलो माजा मना ठाऊक."

माझ्या मनगटावर मुलीने पिवळा पट्टा बांधला. ड्रायव्हर. मी आनंदाने ओरडायला हवं होतं. मी वळून गाडीच्या चाकांकडे बघितलं.

आणि लगेच त्याची पाळी पुकारली. पहिली त्याची, मग मधे एक गट, मग माझी. तो हेल्मेट घालून बसला. मी खिडकीपाशी गेले. आता बोल. आता तरी बोल, बाई! म्हणायचं एवढंच होतं, थांब, बोल्ट चुकीचे आवळलेत. पण मग पुढे त्याने विचारलं असतं, तुला कधी कळलं? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी म्हणाले, "सावकाश जा हं." तो गेला.

ती वीस मिनिटं मी भिंतीला धरून उभी होते. लांब टोकाला एक उतरतं वळण आहे, तिथे गाडी झाडांआड जाते आणि दिसेनाशी होते. दर फेरीला ती झाडांआड गेली की मी श्वास घ्यायची बंद. आली की सोडायची. रबर फाटलं म्हणून गाडी उलटतेच असं नाही, हे मला माहीत होतं, आणि माहीत असून उपयोग नव्हता. ज्याच्या पायात काटा मोडो म्हटलं होतं तो माझाच भाऊ होता, आणि मी हातात पाना दिला होता. वहिनी शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला तिच्याकडे बघवेना.

तो परत आला. घामाने निथळलेला, तोंडभर हसू. "मस्त! पण वळणावर टणकन उडते गं. बग तू आता चालवून." उतरला आणि चावी माझ्या हातात ठेवली.

मधला गट सुरू होता. मी गाडीत बसले. सीट पुढे घेतली. स्टिअरिंगवर हात ठेवले. त्या घडीला मनात काय आलं तेही सांगून टाकते. मनात आलं, चालव. आपल्याला दोष माहीत आहे, आपण सांभाळून चालवू. वीस मिनिटं मिळतायत, घे पदरात, नंतर बघू. मी खरंच गिअरवर हात ठेवला होता. पण माझ्यानंतर पुन्हा त्याची पाळी होती. पुन्हा ते उतरतं वळण, पुन्हा मी भिंतीपाशी. मी उतरले आणि म्हणाले, "खालून आवाज येतोय. मला बघायचंय."

"आत्ता? तुजी पाळी येईल आत्ता!"

"येऊ दे."

शेजारच्यांकडून दोन जाड फळ्या आणल्या, त्यांवर गाडी चढवली, म्हणजे वजन चाकांवर आणि खाली शिरायला वीतभर जागा. मी आडवी झाले. पहिला बोल्ट ढिला केला तसा धप्प आवाज झाला आणि गाडीचा तो कोपरा माझ्या तोंडावर खाली बसला. भाऊ ओरडला. "हवेत आवळलेत तू, रबर पिळलंय," मी आतून म्हटलं. दुसरा, तिसरा, सगळे ढिले केले. आता कडी चुकीच्या जागी होती, कारण आपण ती खोट्या उंचीवर लावली होती. टायर वर पत्र्याला घासायला लागलं. मग पुन्हा जॅक, पुन्हा चाकं काढा, चारही कड्या वर फिरवा, उतरवा, फळ्यांवर चढवा, आणि आता वजनावर आवळा. मधेच भोंग्यावर माझ्या गटाला बोलावलं. भाऊ खाली वाकून म्हणाला, "ताय, राहू दे ना. जा तू. आपण मागून करू."

"हात काढ मधून," मी म्हणाले. त्याने काढला.

माझी वीस मिनिटं मी त्या गाडीखाली ऐकली. वरून इंजिनं जात होती, एकामागून एक, आणि माझ्या डोळ्यांत ग्रीसही होतं आणि दुसरंही काही होतं. मनगटावरचा पट्टा काळा झाला. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा भोंग्यावर म्हणाले, हा गट संपला. पुढच्या पाळीला भाऊ गेला. गाडी जमिनीला चिकटल्यासारखी चालली. उडणं नाही, करकर नाही. आणि मला सांगायला हवं, त्याला तसा जाताना बघून मी पुन्हा जळले. नव्याने, सगळीच्या सगळी. कितीही केलं तरी ते जात नाही.

तो उतरला तो धावतच आला आणि तिथल्या अनोळखी लोकांना गोळा करून सांगायला लागला. "ही माजी बहीण! नुसत्या आवाजावरून पकडलं. माजी चूक होती, हवेत आवळले होते मी बोल्ट. हिने स्वतःची पाळी सोडली माज्यासाठी!" लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. एका दाढीवाल्याने वाकून नमस्कार केला. मेव्हणा शूटिंग करत होता. त्या शूटिंगमध्ये मी खाली बघतेय. सगळे म्हणतात, किती साधी आहे.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. भाऊ ती प्रत्येक लग्नात सांगतो, साखरपुड्यात सांगतो, आईच्या पंचाहत्तरीला माईक घेऊन सांगितली. आईने डोळे पुसले. मी प्रत्येक वेळी ठरवते की आज सांगायचं, आणि कोणीतरी माझ्या ताटात गोड वाढतं.

ट्रॅकवर मी अजून चालवलेलं नाही. तो नाव द्यायला सांगतो, मी कारण काढते. पण रविवारी काम असलं की जाते. तो आता स्वतः शिकलाय, चुकीचा पाना देत नाही, कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते पाठ आहे. तरी गाडीखाली आडवा होऊन, पाना बोल्टला लावून, तो थांबतो आणि आतून विचारतो, "ताय, आवळू?"

मी वाकते. नीट बघते, पुन्हा एकदा बघते.

"आवळ," म्हणते. आणि तो आवळतो, स्वतः काही न तपासता.